मिओद्राग बेलोदेदिच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमानियाच्या या फुटबॉल बचावपटूबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी ओळख, मग मैदानावरचं काम, मग देश सोडणं आणि बंदी, आणि शेवटी विक्रमांच्या याद्यांमधले अडचणीचे प्रश्न. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेलोदेदिच कोण? त्याचं नाव एवढं का घेतलं जातं?

मिओद्राग बेलोदेदिच हा १९८० आणि १९९० च्या दशकांतला रोमानियाचा बचावपटू. जन्म २० मे १९६४. युरोपियन कप, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगचं जुनं रूप, त्याने दोन वेगवेगळ्या क्लबांकडून जिंकला: १९८६ मध्ये स्तेआउआ बुखारेस्टकडून आणि १९९१ मध्ये रेड स्टार बेलग्रेडकडून. पूर्व युरोपातल्या या दोनच क्लबांना ही स्पर्धा आजवर जिंकता आली आहे, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत लिबेरोच्या, म्हणजे सर्वांत मागच्या मोकळ्या बचावपटूच्या (प्रश्न ५), जागी हाच माणूस होता. मधल्या काळात त्याने रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीतून देश सोडला, वर्षभराची बंदी भोगली आणि मायदेशात त्याला गैरहजेरीत तुरुंगवासाची शिक्षा झाली. १९९१ च्या बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात तो आठवा आला. बचावपटूंना त्या यादीत जागा मिळणं किती अवघड असतं हे लक्षात घेतलं, की या आठव्या क्रमांकाचं वजन कळतं.

२. नावाचा उच्चार नेमका काय? कुठे ‘बेलोदेदिची’ दिसतं, कुठे ‘बेलोदेदिसी’.

बेलोदेदिच. रोमानियन लिपीत शब्दाच्या शेवटी ‘सी’ आणि ‘आय’ ही अक्षरं आली की उच्चार नुसता ‘च’ होतो, शेवटची ‘ई’ ऐकू येत नाही. सर्बियन लिपीत हेच आडनाव मऊ ‘च’ने संपतं, म्हणून बेलग्रेडच्या जुन्या नोंदींत स्पेलिंग वेगळं दिसतं. माणूस एकच. जुने संघपत्रक शोधताना दोन्ही स्पेलिंगांनी शोधावं, नाहीतर १९९० ते १९९२ ची निम्मी नोंद हाती लागत नाही. संघसहकारी त्याला ‘बेलो’ म्हणत. त्याचं दुसरं टोपणनाव ‘काप्रिओआरा’, म्हणजे हरणी. ते त्याच्या हलक्या, लयदार धावण्यावरून पडलं.

३. तो रोमानियन की सर्ब?

वंशाने सर्ब, नागरिकत्वाने रोमानियन, आणि राष्ट्रीय संघ फक्त रोमानियाचा. त्याचा जन्म सोकोल या गावचा. बनात प्रांतातल्या काराश-सेवेरिन जिल्ह्यात, डॅन्यूबजवळ, सर्बियाच्या सीमेला अगदी लागून हे गाव आहे, आणि तिथे सर्ब वस्ती जुनी आहे. घरची भाषा सर्बियन होती आणि लहानपणापासून ओढ रेड स्टारची. पुढे १९८८ मध्ये तो पश्चिमेकडे न जाता बेलग्रेडला का गेला, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं प्रश्न ९ मध्ये.

४. कोणत्या क्लबांकडून, कोणत्या क्रमाने खेळला?

सुरुवात मोल्दोवा नोऊआ या खाणगावच्या मिनेरुल संघात. तिथून बुखारेस्टच्या लुचाफरुल या तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षण संघात, आणि १९८२ मध्ये स्तेआउआत. पुढचा क्रम असा:

स्तेआउआ बुखारेस्ट, १९८२ ते डिसेंबर १९८८
बंदीचं वर्ष, १९८९
रेड स्टार बेलग्रेड, १९९२ पर्यंत
व्हॅलेन्सिया, १९९२ ते १९९४
व्हायादोलिद, १९९४-९५
व्हियारेआल, १९९५-९६ (तेव्हा दुसऱ्या श्रेणीत)
आतलांते, मेक्सिको, १९९६ ते १९९८
पुन्हा स्तेआउआ, १९९८ ते २००१

निवृत्त झाला तेव्हा वय ३७. पुढे त्याने रोमानियाच्या फुटबॉल महासंघात काम केलं.

५. लिबेरो म्हणजे काय? साधा सेंटर-बॅक आणि लिबेरो यांत फरक काय?

आजचा सेंटर-बॅक एका रेषेत उभा राहून आपल्या भागाची राखण करतो. लिबेरोच्या पद्धतीत काम वाटलेलं असे. एक किंवा दोन बचावपटू प्रतिस्पर्धी आघाडीवीरांना सावलीसारखे चिकटत, म्हणजे मॅन-मार्किंग. लिबेरोला मात्र कोणीच नेमून दिलेला नसे. तो या दोघांच्या काही पावलं मागे उभा राही. मार्कर चुकला, आघाडीवीर सुटला किंवा मधून लांब पास आला, की ती जागा बुजवणं हे त्याचं पहिलं काम. ‘स्वीपर’ हा शब्द इतक्याच कामापुरता आहे.

दुसरं काम चेंडू मिळाल्यानंतरचं. लिबेरोवर पाळत ठेवायला कोणी नेमलेला नसे, त्यामुळे चेंडू घेऊन तो मधल्या फळीपर्यंत चालत जाऊ शके. त्याला अडवायला प्रतिस्पर्ध्याचा एक मिडफिल्डर पुढे आला, की त्या मिडफिल्डरच्या मागे आपला माणूस मोकळा होई. बेलोदेदिचचं मोल इथे होतं. पायात चेंडू असताना तो घाबरत नसे आणि मान वर ठेवून खेळे.

ही पद्धत बिघडते कशी, तेही पाहायला हवं. लिबेरो फार मागे राहिला तर प्रतिस्पर्धी सगळे ऑनसाइड राहतात आणि बचाव व मधली फळी यांच्यात मोठं मैदान मोकळं पडतं. फार पुढे गेला आणि चेंडू हरवला तर मागे फक्त गोलरक्षक उरतो. शिवाय मिडफिल्डरपैकी एकाने त्याची सोडलेली जागा भरायची असते. हा निरोप पोचला नाही तर सगळी रचना कोसळते. म्हणून चांगला लिबेरो वेगापेक्षा अंदाजावर तोलला जाई.

६. जुनं चित्रण पाहताना त्याच्याकडे कसं लक्ष द्यावं? चेंडूकडे पाहिलं तर तो दिसतच नाही.

बरोबर आहे, कारण त्याचं काम चेंडूपासून लांब चालतं. पूर्ण सामना मिळाला तर पूर्णच पाहा. निवडक क्षणांच्या तुकड्यांत लिबेरो सापडत नाही.

पहिली दहा मिनिटं फक्त रोमानियन किंवा बेलग्रेडच्या बचावातला सर्वांत मागचा माणूस शोधा. मग प्रतिस्पर्ध्याने लांब पास मारायला पाय उचलला, की कॅमेरा हलण्याआधी तो कुठे उभा आहे हे टिपा. बेलोदेदिच बहुतेक वेळा पास सुटण्याआधीच दोन पावलं सरकलेला असतो. तिसरी गोष्ट म्हणजे तो जमिनीवर घसरून टॅकल किती कमी करतो ते पाहा. घसरून टॅकल हा शेवटचा उपाय असतो. उभ्याने चेंडू काढला की लगेच पुढचा पास देता येतो. चौथं, चेंडू मिळाल्यावर तो गोलरक्षकाकडे वळतो की पुढे निघतो, आणि कोणत्या क्षणी. आघाडी टिकवायची असताना आणि नसताना यात फरक दिसतो.

७. १९८६ च्या सेव्हियातल्या अंतिम सामन्यात नेमकं काय झालं?

७ मे १९८६, सेव्हियाचं सांचेस पिसहुआन मैदान. समोर बार्सिलोना, म्हणजे जवळजवळ घरच्या मैदानावर खेळणारा संघ. स्तेआउआ तिथवर पोचला तो व्हाइले, होनवेद, कूसुसी लाहती आणि उपांत्य फेरीत आंदरलेख्तला हरवून. आंदरलेख्तविरुद्ध पहिला सामना ०-१ गमावला होता, बुखारेस्टमध्ये ३-० ने उलटवला.

बचावात योवान, बुंबेस्कू, बेलोदेदिच आणि बर्बुलेस्कू. बुंबेस्कू माणसाला चिकटायचा आणि त्याच्या मागे बेलोदेदिच राखण करायचा. १२० मिनिटं गोल झाला नाही. मग पेनल्टी. बार्सिलोनाने चार मारल्या आणि गोलरक्षक हेल्मुट दुकादामने चारही अडवल्या. स्तेआउआचेही पहिले दोन, मायारू आणि ब्योल्योनी, चुकले. लाकातुश आणि बालिंतने गोल केले. २-०. प्रशिक्षक एमेरिक येनेई.

दुकादामच्या त्या चार झेपांनी बाकी सगळं झाकलं गेलं. ते स्वाभाविकही आहे. पण पेनल्टीपर्यंत सामना पोचवण्यासाठी बार्सिलोनाला दोन तास गोलपासून दूर ठेवावं लागलं, आणि ते काम या चौघांचं.

८. त्या रात्री बेलोदेदिचने पेनल्टी का मारली नाही?

त्याच्यापर्यंत पाळीच आली नाही. दोन्ही संघांच्या चार-चार पेनल्टी झाल्या आणि निकाल लागला.

९. तो युगोस्लाव्हियात कसा गेला? डॅन्यूब पोहून गेला असं वाचलं.

डॅन्यूब पोहून सीमा ओलांडणारे रोमानियन त्या काळात खरोखर होते. बेलोदेदिच मात्र त्यांपैकी नव्हता. डिसेंबर १९८८ मध्ये सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे जायचं निमित्त सांगून तो युगोस्लाव्हियात गेला आणि परतलाच नाही. बेलग्रेडमध्ये थेट रेड स्टारच्या दारात उभा राहिला. तेव्हा क्लबचा कारभार द्रागान जायिच या जुन्या थोर विंगरच्या हातात होता. दोन वर्षांपूर्वीचा युरोपियन विजेता आपण होऊन दारात येतो, यावर तिथल्या माणसांचा सुरुवातीला विश्वास बसणं कठीणच होतं.

बेलग्रेडच का, याची कारणं साधी आहेत. भाषा घरची, क्लब लहानपणचा, सीमा गावाला लागून. शिवाय युगोस्लाव्हिया वॉर्सा करारात, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारात, नव्हता, त्यामुळे बुखारेस्टच्या सरकारचा तिथे तितका शब्द चालत नव्हता. स्तेआउआत राहून त्याला यशाची वाण नव्हती. तरी तो गेला, हे ध्यानात ठेवावं.

१०. युरोपियन फुटबॉल महासंघाने त्याच्यावर बंदी का घातली? तो तर जुलमी राजवटीतून निसटला होता.

बंदीचं कारण राजकीय नव्हतं, नोंदणीचं होतं. त्या काळी क्लबने लेखी मोकळीक दिल्याशिवाय खेळाडूला दुसऱ्या देशात नोंदवता येत नसे. करार संपला तरीही जुन्या क्लबचा हक्क राहत असे. तो नियम १९९५ च्या बोसमन निकालाने मोडला. स्तेआउआ मोकळीक देणं शक्यच नव्हतं. म्हणून परवानगीशिवाय क्लब सोडल्याबद्दल एक वर्षाची बंदी लागली.

वर्षभर त्याने रेड स्टारसोबत सराव केला, अधिकृत सामना एकही नाही. २४-२५ व्या वर्षी, बचावपटू पक्का होण्याच्या ऐन वयात, एक अख्खं वर्ष गेलं. बंदी संपत आली त्याच डिसेंबर १९८९ मध्ये बुखारेस्टमध्ये राजवट कोसळली. १९९० च्या सुरुवातीपासून तो खेळू लागला आणि त्याच हंगामात रेड स्टारने लीग आणि कप दोन्ही जिंकले.

११. त्याला खरंच दहा वर्षांची शिक्षा झाली होती का? भोगली का?

झाली होती, पण गैरहजेरीत. आरोप देशद्रोहाचा. स्तेआउआ हा सैन्याचा क्लब, संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यातला, आणि त्याचे खेळाडू कागदोपत्री सैन्यातले. त्यामुळे क्लब सोडणं हा नुसता फुटबॉलचा प्रश्न राहिला नाही. शिक्षा भोगावी लागली नाही: डिसेंबर १९८९ च्या क्रांतीनंतर ती रद्द झाली. म्हणूनच पुढे तो रोमानियाकडून पुन्हा खेळू शकला (प्रश्न १७).

१२. मिलानविरुद्धचा धुक्यातला सामना आणि १९८९ चा अंतिम सामना, यांत तो कोणत्या बाजूला होता?

कोणत्याच नाही. इथे तारखांची गल्लत होते.

बेलग्रेडमधला धुक्याने थांबलेला रेड स्टार-मिलान सामना ९ नोव्हेंबर १९८८ चा. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवला गेला आणि मिलान पेनल्टीवर पुढे गेला. तेव्हा बेलोदेदिच अजून स्तेआउआतच होता. २४ मे १९८९ ला बार्सिलोनात मिलानने ४-० ने हरवलं ते स्तेआउआला, आणि तोवर तो निघून गेला होता. तो असता तर निकाल बदलला असता का, यावर पैजा लावण्यात अर्थ नाही. त्या रात्रीचं मिलान भल्याभल्यांना झेपलं नसतं. पण स्तेआउआच्या बचावातून त्याच्यासारखा माणूस हंगामाच्या मध्यावर गेला, ही उणीव खरी होती.

१३. १९९१ ला बारीमध्ये काय झालं?

रेड स्टारचा रस्ता: ग्रासहॉपर, रेंजर्स, डायनॅमो ड्रेसडेन, बायर्न म्युनिक. ड्रेसडेनमधला परतीचा सामना प्रेक्षकांच्या दंगलीमुळे ७८ व्या मिनिटाला थांबला आणि ३-० असा बहाल झाला. बायर्नला म्युनिकमध्ये २-१ हरवलं. बेलग्रेडमध्ये २-२ झालं, आणि तो दुसरा गोल शेवटच्या क्षणी आउगेनथालरच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला.

अंतिम सामना २९ मे १९९१, बारीचं सान निकोला मैदान. समोर मार्सेय: पापाँ, वॉडल, आबेदी पेले. प्रोसिनेच्की, साविचेविच, पांचेव असा आक्रमणाचा ऐवज असूनही प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविच यांनी संघाला मागे बसवलं. पुन्हा १२० मिनिटं ०-०.

पेनल्टीत मार्सेयचा पहिलाच फटका, आमोरोसचा, गोलरक्षक स्तोयानोविचने अडवला. रेड स्टारचे पाचही आत गेले: प्रोसिनेच्की, बिनिच, बेलोदेदिच, मिहाइलोविच, पांचेव. निकाल ५-३. तिसरा क्रमांक पेनल्टी मारणाऱ्यांत जोखमीचा असतो, कारण तो हुकला की आघाडी निसटते आणि उरलेल्या दोघांवर सगळं ओझं येतं. तो फटका बेलोदेदिचने मारला.

१४. दोन्ही अंतिम सामने ०-०. मग ही कामगिरी की योगायोग?

पेनल्टीचा निकाल योगायोगाकडे झुकतो हे मान्य. पण दोन अंतिम सामन्यांत मिळून २४० मिनिटं, एकदा बार्सिलोनासमोर आणि एकदा मार्सेयसमोर, एकही गोल न देणं हे योगायोगाने होत नाही. दोन वेगळे संघ, दोन वेगळे प्रशिक्षक, दोन वेगळे गोलरक्षक. दोन्हीकडे समान असलेला माणूस एकच.

हे सामने आज पाहताना एक नियम मात्र लक्षात ठेवा, नाहीतर खेळ विचित्र वाटेल. १९९२ पर्यंत बचावपटूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकत होता. लिबेरोसाठी ही मोठी सोय होती. दबाव आला की वळायचं, गोलरक्षकाला द्यायचं, तो उचलणार, सगळे जागेवर परतणार. सेव्हिया आणि बारी दोन्हीकडे ही सोय भरपूर वापरली गेली. १९९२ मध्ये बॅकपासचा नियम बदलला आणि ती पळवाट बंद झाली. त्याआधी १९९० मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला होता: गोलरक्षक धरून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असलेला आघाडीवीर ऑनसाइड ठरू लागला. त्याच सुमारास सगळ्यांनी एका रेषेत पुढे सरकून ऑफसाइडचा सापळा लावण्याची मिलानची पद्धत पसरली, आणि त्या रेषेत मागे उभा राहणारा लिबेरो बसतच नाही. बेलोदेदिच स्पेनमध्ये उतरला तो नेमक्या याच बदलाच्या वर्षी.

१५. सुपर कप आणि इंटरकॉन्टिनेंटल कप त्याने जिंकले का?

सुपर कप म्हणजे युरोपातल्या दोन कपविजेत्यांमधली लढत, इंटरकॉन्टिनेंटल कप म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधली. प्रत्येकी एकदा जिंकला, एकदा हरला, आणि उलट्या क्रमाने. स्तेआउआकडून फेब्रुवारी १९८७ मध्ये मोनॅकोत डायनॅमो कीव्हला १-० हरवून सुपर कप मिळाला (गोल हाजीचा), पण डिसेंबर १९८६ मध्ये टोकियोत रिव्हर प्लेटकडून ०-१ हार झाली होती. रेड स्टारकडून नोव्हेंबर १९९१ चा सुपर कप मँचेस्टर युनायटेडकडून ०-१ गमावला; युगोस्लाव्हियातल्या परिस्थितीमुळे तो फक्त ओल्ड ट्रॅफर्डवर, एकाच सामन्याचा झाला. पुढच्याच महिन्यात टोकियोत कोलो-कोलोला ३-० हरवलं. साविचेविचला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळालं होतं, म्हणजे उत्तरार्ध सगळा दहा जणांनी खेळला.

१६. एवढं यश मिळत असताना १९९२ मध्ये रेड स्टार का सोडलं?

संघच विखुरला. युगोस्लाव्हिया फुटत होता. १९९१-९२ च्या युरोपियन कपमधले ‘घरचे’ सामनेही रेड स्टारला देशाबाहेर, हंगेरी आणि बल्गेरियात खेळावे लागले. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि तिथल्या संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारं बंद झाली. खेळाडू इटली आणि स्पेनला गेले. बेलोदेदिचने व्हॅलेन्सिया निवडलं, जिथे तेव्हा गुस हिडिंक प्रशिक्षक होते. पुढच्या चार वर्षांत तीन स्पॅनिश क्लब झाले. बारीची उंची तिथे पुन्हा गाठता आली नाही. कारणांतलं एक प्रश्न १४ मध्ये आलं आहे.

१७. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये तो का नव्हता? आणि युगोस्लाव्हियाकडून का खेळला नाही?

रोमानियासाठी तो १९८४ पासून खेळत होता. १९८८ मध्ये देश सोडल्यावर राष्ट्रीय संघाचं दार बंद झालं ते १९९२ पर्यंत. त्यामुळे इटलीतला १९९० चा वर्ल्ड कप, जिथे रोमानिया आयर्लंडकडून पेनल्टीवर हरला, त्याला मिळाला नाही. युगोस्लाव्हियाचा पर्याय नव्हता: एका देशाच्या मुख्य संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळलेल्याला तेव्हा दुसरा देश घेता येत नसे.

परतल्यावर तो १९९४ चा वर्ल्ड कप, १९९६ चा युरो आणि २००० चा युरो खेळला. १९९८ च्या वर्ल्ड कपला निवड झाली नाही. एकूण सामने पन्नासहून थोडे अधिक, गोल ५. मधली चार वर्षं गेली नसती तर हा आकडा कितीतरी वर असता.

१८. १९९४ मध्ये स्वीडनविरुद्धची पेनल्टी त्यानेच हुकवली ना?

शेवटची हुकलेली पेनल्टी त्याची, हे खरं. ‘त्याच्यामुळे हरले’ हे मात्र अर्धवट आहे. उपांत्यपूर्व फेरी, १० जुलै १९९४, कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड मैदान. रोमानिया अतिरिक्त वेळेत २-१ पुढे होता आणि स्वीडनचा श्वार्त्स बाहेर गेल्यामुळे समोर दहाच जण होते. ११५ व्या मिनिटाला केनेट आंदरसनने बरोबरी केली.

पेनल्टीत स्वीडनच्या मिल्डचा पहिलाच फटका वर गेला. म्हणजे रोमानिया पुढे होता. मग चौथ्या फेरीत दान पेत्रेस्कूचा फटका स्वीडनचा गोलरक्षक राव्हेलीने अडवला आणि पुन्हा बरोबरी झाली. पाच-पाच संपून एकेकाची पाळी सुरू झाली. लार्सनने गोल केला, त्यानंतर बेलोदेदिच आला आणि राव्हेलीने त्याचा फटका अडवला. स्वीडन ५-४. तीन वर्षांपूर्वी बारीत हाच माणूस शांतपणे गोल करून गेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

१९. दोन क्लबांकडून युरोपियन कप जिंकणारा ‘पहिला’ तोच, हे खरंच बरोबर आहे का?

मोजणी कशी करता त्यावर. दोन वेगळ्या विजेत्या संघांसाठी अंतिम सामन्यात प्रत्यक्ष मैदानावर उतरलेला पहिला, ही बेलोदेदिचची नोंद आहे आणि ती पक्की आहे.

संघात असणं एवढंच मोजलं तर त्याच्याआधीची नावं निघतात. जिमी रिमर १९६८ ला मँचेस्टर युनायटेडचा बदली गोलरक्षक होता, पण मैदानावर उतरला नाही. १९८२ ला ॲस्टन व्हिलाकडून त्याने अंतिम सामना सुरू केला आणि दुखापतीमुळे काही मिनिटांत बाहेर आला. इटलीचा साउल मालात्रासी १९६९ ला मिलानकडून अंतिम सामना खेळला; १९६५ ला इंटर जिंकला तेव्हा तो त्या क्लबात होता, पण अंतिम सामन्याच्या अकरा जणांत नव्हता. म्हणून नुसतं ‘पहिला’ लिहिण्यापेक्षा ‘दोन्ही अंतिम सामने खेळून’ हे शब्द जोडावेत. पुढे रोनाल्ड कूमन, फ्रान्सचा मार्सेल देसायी, फ्रँक राइकार्ड असे अनेक जण या यादीत आले.

२०. रोमानियन लीग त्याने पाच वेळा जिंकली की सहा?

१९८४-८५ ते १९८७-८८ सलग चार आणि परतल्यानंतर २०००-०१ ची एक. या पाचांवर वाद नाही. १९८८-८९ चं विजेतेपदही स्तेआउआचंच, पण तो अर्ध्या हंगामात निघून गेला. ते धरलं तर सहा होतात. आमच्या मते पाच लिहून खाली टीप द्यावी.

रोमानियन कपातही असाच गुंता आहे. जून १९८८ च्या अंतिम सामन्यात डिनामोविरुद्ध १-१ असताना शेवटच्या क्षणी बालिंतचा गोल ऑफसाइड ठरवला गेला, स्तेआउआ मैदान सोडून गेला, आणि तरीही कप नंतर त्यांनाच दिला गेला. क्रांतीनंतर क्लबने त्यावरचा हक्क सोडला. म्हणून काही ठिकाणी तो मोजलेला दिसतो, काही ठिकाणी नाही. रेड स्टारच्या तीन लीग (१९९०, १९९१, १९९२) आणि १९९० चा कप यांत मात्र शंका नाही.

२१. आजचा कोणता क्लब म्हणजे त्याचं स्तेआउआ?

यावर बुखारेस्टमध्ये न्यायालयीन लढाई झाली. सैन्याचा क्रीडा क्लब आणि त्यातून वेगळी झालेली खाजगी फुटबॉल कंपनी, दोघांनीही इतिहासावर हक्क सांगितला. खाजगी क्लबला २०१७ मध्ये स्तेआउआ हे नाव सोडून एफसीएसबी असं नाव घ्यावं लागलं. युरोपियन महासंघाच्या नोंदींत मात्र १९८६ चा कप एफसीएसबीच्या नावाखाली दिसतो. बेलोदेदिचबद्दल लिहिताना नुसतं ‘स्तेआउआ बुखारेस्ट’ लिहावं. १९८६ ला क्लब एकच होता आणि तो सैन्याचा होता.

२२. त्याच्यानंतर रोमानियाचा कोणी बचावपटू युरोपियन विजेता झाला का? चिवू आणि तो एकत्र खेळले होते का?

क्रिस्तियान चिवू, २०१० मध्ये इंटरकडून. चिवू रेशित्साचा, म्हणजे बेलोदेदिचच्या सोकोलच्याच काराश-सेवेरिन जिल्ह्यातला. दोघे एकत्र खेळले, उदाहरणार्थ २० जून २००० ला शार्लरुआमध्ये, युरोच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात. १९ वर्षांच्या चिवूने २२ व्या मिनिटाला डावीकडून मारलेला क्रॉस थेट जाळ्यात गेला. थोड्याच वेळात, पूर्वार्धातच, जॉर्जे पोपेस्कूच्या जागी ३६ वर्षांचा बेलोदेदिच उतरला. रोमानिया ३-२ जिंकला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचला.